काट्यावरची बाहुली : लोकर भरलेली बाहुली मुंबईत कशी साफ करावी

बाहुली धुवायला घेण्याआधी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. बाहुलीचे कपडे उतरवा, तिला काट्यावर निजवा आणि आकडा लिहून ठेवा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. माझ्या भाचीच्या बाहुलीचा आकडा आहे २८० ग्रॅम. तो कशाला लागतो ते पुढे येईलच.

हाताने शिवलेली, आत लोकर ठासून भरलेली कापडी बाहुली हल्ली मुंबईतल्या बऱ्याच घरांत दिसते. पद्धत मूळची जर्मनीतली. १९१९ मध्ये श्टुटगार्टला पहिली वॉल्डॉर्फ शाळा, म्हणजे हाताने करून शिकण्यावर भर देणारी शाळा, निघाली आणि पुढे या शाळांबरोबर अशा बाहुल्याही देशोदेशी पोचल्या. डोळे म्हणजे दोन-चार टाके, तोंड म्हणजे एखादा टाका. ती हसते आहे की रुसली आहे ते मुलाने ठरवायचं. आपल्या आजीच्या चिंधीच्या बाहुलीची ही लांबची मावसबहीणच. फरक काय तो पोटात. चिंधीच्या बाहुलीत जुन्या लुगड्याचे तुकडे नाहीतर कापूस असायचा, आणि ती मळली की दुपारच्या वेळात नवी व्हायची. हिच्या पोटात मेंढीची लोकर असते, आणि ही बनायला आठ-दहा दिवसांच्या संध्याकाळी जातात. त्यामुळे मळली म्हणून टाकून देता येत नाही, आणि मोरीत बसून साबणाने धोपटताही येत नाही.

मी तसं करून पाहिलं आहे. भाचीसाठी शिवलेली माझी पहिलीच बाहुली, भर जुलै महिना, आणि त्या बाहुलीला भाचीने वरणभात भरवलेला. वहिनीचा फोन आला, "ताई, मशीनला लावू का हो?" मी म्हटलं, "लाव की, कापडच तर आहे." गरम पाणी, रोजची पावडर, तासाभराचं चक्र. मोसंबीएवढं डोकं लिंबाएवढं होऊन बाहेर आलं. हात लाकडासारखे. तरी खिडकीच्या ग्रिलमध्ये चार दिवस वाळवली, हाताला कोरडी लागली म्हणून पोरीला परत दिली. आठव्या दिवशी तिला भिजक्या गोणपाटासारखा वास यायला लागला. पाठीची शिवण उसवून पाहिलं तर आत लोकरीची वडी थापलेली, आणि तिच्यावर हिरवे-काळे ठिपके.

त्यात दोन वेगवेगळ्या चुका होत्या. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशाच्या अंगावर असतात तसे बारीक खवले असतात. उष्णता, ओल आणि घुसळण एकत्र आली की हे खवले एकमेकांत अडकतात, लोकर आवळत जाते. साबणाने ते काम आणखी लवकर होतं. नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड अंथरूण, मुद्दाम असाच करतात. एकदा आवळलेली लोकर पुन्हा मोकळी होत नाही. ही पहिली चूक. दुसरी वाळवण्यातली. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पोटात घेऊनही हाताला कोरडीच लागते. तेव्हा हात लावून ठरवणं व्यर्थ आहे. म्हणून काटा.

आणि म्हणूनच माझा सगळा हिशेब उलटा सुरू होतो: ही बाहुली मला वाळवता येईल का, ते आधी पाहायचं आणि मग किती भिजवायची ते ठरवायचं. मुंबईत पावसाचं आगमन साधारण ११ जूनच्या आसपास धरतात. तिथपासून सप्टेंबर संपेपर्यंत हवेतली आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते, टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे लोकरीचा गोळा काय वाळणार? त्या चार महिन्यांत बाहुलीला फक्त कोरडी सफाई आणि फेस. अंघोळ दिवाळी ते होळीच्या मधे. मे महिन्यात ऊन असतं खरं, पण हवा चिकट असते. अगदी अडलंच तर मे.

आत लोकरच आहे ना?

भेट आलेल्या किंवा प्रदर्शनात घेतलेल्या बाहुलीबद्दल ही खात्री आधी करा. दाबून पाहा. पॉलिएस्टरचा फायबर भरला असेल तर दाबलेली जागा टपकन वर येते. कापूस असेल तर गाठी लागतात, आणि बाहुली आकाराच्या मानाने जड असते. लोकर हळूहळू वर येते आणि थोडा वेळ धरली की हाताला ऊब लागते. तरीही शंका असेल तर पाठीच्या शिवणीतून क्रोशाच्या सुईने चार केस ओढून घ्या, चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीला लावा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. कागदासारखं भुरकन जळलं तर कापूस. पॉलिएस्टर निघालं तर तुम्ही सुटलात, थंड पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि हा लेख इथेच सोडा.

वरचं कापड बहुधा सुती होजियरी असतं, म्हणजे बनियनच्या जातीचं, ताणलं जाणारं. ते कणखर असतं. डोळ्या-ओठांचे दोरे मात्र तपासायचे. पांढऱ्या कपड्याचा कोपरा ओला करून डोळ्याच्या टाक्यावर दहा सेकंद टेकवून धरा. रंग उतरला तर चेहऱ्याला पाणी लागू द्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा. कपड्यांचीही अशीच परीक्षा घ्या. लाल आणि काळा रंग दगा देतात. बाहुलीचे कपडे नेहमी वेगळे धुवायचे, अंगावर असताना कधीच नाही. एकदा लाल खणाच्या परकराने माझ्या एका बाहुलीचे पाय कायमचे अळता लावल्यासारखे केले आहेत.

कोरडी सफाई

ही दर पंधरा दिवसांनी केली तर बाकीचं फारसं करावंच लागत नाही. गच्चीत किंवा खिडकीत जाऊन बाहुली हाताच्या तळव्याने थोपटा, तान्ह्या बाळाला ढेकर काढायला थोपटतात तशी. मऊ केसांच्या ब्रशने वरून खाली झाडा. बाळाचे केस विंचरायचा ब्रश उत्तम. व्हॅक्युम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडावर जुना पायमोजा ताणून रबर लावा आणि कमी वेगावर फिरवा. मोज्यामुळे केस किंवा सुटी लोकर ओढली जात नाही. थंडीत शेजारी इमारतीचं काम चालू असेल तर पायमोज्यावर किती सिमेंटची भुकटी जमते ते एकदा बघाच.

मग सकाळचं ऊन तासभर. घोंगडं कोणी दर महिन्याला साबण लावून धूत नाही, ते उन्हात टाकतात आणि झटकतात. लोकर तशीही चटकन वास धरत नाही. पण दिवसभर कडक उन्हात ठेवू नका. लोकर पिवळी पडते, कापडाचा रंग विटतो.

फेसाची पुसणी

मळ जवळजवळ नेहमी कातडीवर असतो. हात, नाक, हनुवटी आणि बसायची जागा. पोटातल्या लोकरीचा त्यात काही दोष नसतो, मग तिला कशाला भिजवायचं? म्हणून पाणी वापरायचं नाही, फेस वापरायचा.

एका खोलगट भांड्यात अर्धी वाटी साधं पाणी घ्या. त्यात चहाच्या चमच्याने अर्धा चमचा ईझीसारखा लोकरीसाठीचा पातळ साबण, नाहीतर बेबी शाम्पू. रोजची धुण्याची पावडर चालत नाही, कारण तिच्यातला सोडा लोकरीला खातो. शिवाय बऱ्याच पावडरींत प्रथिनांचे डाग तोडणारी एन्झाइम्स असतात, आणि लोकर म्हणजे आपल्या केसांसारखं केराटिन, प्रथिनच. त्या एन्झाइम्सना डागातलं प्रथिन कुठलं आणि बाहुलीतलं कुठलं हे कळत नाही. रिठा लोकरीला मानवतो, रेशमालाही. पण त्याचं पाणी तपकिरी असतं आणि फिक्या कापडावर झाक सोडतं. गडद रंगाच्या बाहुलीला बेलाशक वापरा.

आता ताकाची रवी घ्या आणि घुसळा. भांड्याच्या वर उभा राहील एवढा घट्ट फेस झाला पाहिजे, अंड्याच्या केकसाठी करतात तसा. महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांतलं, पावसाचं साठवलेलं, त्यामुळे फेस पटकन येतो. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर साबण फुटतो आणि पांढरट साका कापडावर बसतो. अशा वेळी प्यायचं पाणी घ्या, अर्ध्या वाटीचा तर प्रश्न.

फेस वरचा वर बोटांनी उचला. तळातलं पाणी तळातच राहू द्या. तो डागावर न ठेवता त्या अवयवाच्या सगळ्या पृष्ठभागावर लावा: डाव्या तळहातावर डाग असला तरी मनगटाच्या शिवणीपर्यंत आख्खा हात. एवढाच ठिपका ओला केला तर वाळल्यावर त्याच्या कडेने पिवळसर रेघ उमटते, समुद्राचं पाणी ओसरल्यावर वाळूत राहते तशी. शिवणीपर्यंत गेलं की रेघेला उमटायला जागा राहत नाही. मऊ दातांच्या टूथब्रशने लहान लहान गोल फिरवा, दाब अगदी कमी. ब्रशखाली फेस राखाडी होताना दिसेल. राखाडी फेस लगेच सुती फडक्याने टिपून घ्या, नवा लावा. तिसऱ्या खेपेला तो पांढराच राहिला की थांबा. मग साध्या पाण्यात बुडवून अगदी घट्ट पिळलेल्या फडक्याने साबण उचला. चार-पाचदा, दर वेळी फडकं धुऊन. शेवटी कोरडा टॉवेल गुंडाळून मिनिटभर दाबून धरा.

चेहरा सगळ्यात शेवटी, कपाळाकडून हनुवटीकडे, डोळ्यांना वळसा घालून. गालांवरची लाली जाईल. ती बहुधा मेणाच्या किंवा पेन्सिलीच्या रंगाची असते, तिची काळजी करू नका.

आता वजन करा. माझी बाहुली फेसानंतर २९० पर्यंत जाते. ३१० च्या वर गेली असेल तर तुमच्या फेसात पाणी फार होतं.

डाग

हळदीबद्दल आधी बोलू, कारण मराठी घरात दुसरा कुठला डाग इतका पक्का नसतो. वरणाच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो आणि लोक घाबरून आणखी चोळतात. घाबरू नका. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, तेच इथे होतं. साबणातल्या क्षाराने रंग पालटतो. डाग वाढलेला नसतो. तेलकटपणा फेसाने काढा, साबण पूर्ण टिपून घ्या, आणि पिवळी झाक उरली असेल तर बाकीची बाहुली टॉवेलने झाकून तेवढी जागा उन्हाला द्या. हळदीचा रंग उन्हात उडतो. दोन-तीन सकाळी लागतात. ब्लीच अजिबात नको, ते लोकरीला विरघळवतं.

तेल, तूप, लोणच्याचा खार: कापडावर कॉर्नफ्लोअर दाबून रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने झाडा, पुन्हा एकदा तसंच, मग फेस. मुलतानी मातीही तेल ओढते पण स्वतःचा रंग सोडते. कॉर्नफ्लोअर मात्र झाडून पूर्ण काढा, नाहीतर झुरळांना जेवण.

काजळ हा माझ्या मते सगळ्यात प्रेमळ डाग. मुली बाहुलीला दृष्ट लागू नये म्हणून गालबोट लावतात आणि ते कपाळभर पसरतं. त्यात मेण किंवा तेल आणि काजळी असते. आधी कोरड्या कापसाने उचला, पुसू नका. मग तेलाचीच रीत. थोडी करडी सावली राहील, राहू द्या.

दूध, उलटी, रक्त यांना गार पाणीच. गरम पाण्याने प्रथिन कापडात शिजून बसतं. बॉलपेनच्या शाईला सॅनिटायझर किंवा स्पिरिट, कानाच्या काडीवर, बाहेरून आत टिपत. आधी पाठीवर कुठेतरी करून बघा. मेणाचे खडू नखाने खरवडा, वर टिपकागद ठेवून कोमट इस्त्रीचं टोक दोन सेकंद. होळीच्या रंगावर माझ्याकडे उपाय नाही. होळीच्या दिवशी बाहुली कपाटात.

केस

केस लोकरीच्या धाग्याचे किंवा मोहेरचे (अंगोरा बकरीच्या केसांचे) असतात, आणि त्यांना मुली खोबरेल तेल चोपडतात. चोपडणारच, स्वतःला लावून घेतात तेव्हा बाहुली शेजारीच बसलेली असते. अशा वेळी बाहुलीचं डोकं वाडग्यावर उलटं धरा, केस तेवढे खाली लोंबू द्या. साध्या पाण्यात चार थेंब शाम्पू, त्यात केस फक्त बुडवायचे आणि बोटांनी वरून खाली निथळायचे. चोळलं की जटा. टाळूचं कापड ओलं होऊ नये म्हणून केसांच्या मुळाशी फडकं गुंडाळा. खंगाळायचं पाणीही तेवढ्याच तापमानाचं हवं. एकदम गार-गरम झालं तरी लोकर आवळते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, तेव्हा ही कामं सकाळीच उरकावीत.

विंचरायचं वाळल्यावर, रुंद दातांच्या फणीने, टोकांकडून वर चढत. कुरळ्या धाग्याचे केस असतील तर विंचरूच नका, बोटांनी सोडवा.

पूर्ण अंघोळ, नाइलाज झाला तर

नाइलाज म्हणजे काय? उलटी किंवा शू आत मुरली आहे, बाहुली पावसाच्या पाण्यात पडली आहे, किंवा आतून कुबट वास येतो आहे. नुसती मळकी दिसते म्हणून नाही. ड्राय क्लीनिंगला देण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी देणार नाही. ते द्रावण लोकरीत मुरून राहतं, आणि ही वस्तू मूल तोंडात घालतं.

दोन वाटा आहेत. पहिली, आख्खी बाहुली. बादलीत साधं पाणी, कोपर बुडवलं तर ना गार ना गरम लागेल असं. दोन चमचे लोकरीचा साबण. बाहुली आत सोडा, दोन्ही तळव्यांनी दाबून बुडवा, सोडा, पुन्हा दाबा. पिळायचं नाही, घासायचं नाही, पाय धरून हलवायचं नाही. पाच-सात मिनिटं पुरेत. उचलताना खालून दोन्ही हातांचा आधार द्या, कारण ओल्या लोकरीचं वजन मानेच्या दोऱ्यावर आलं की मान लांबते. तीन पाण्यांतून काढा. मग जाड टॉवेलमध्ये अळूवडीसारखी गुंडाळून गुडघ्यांनी दाबा, टॉवेल बदला, पुन्हा दाबा. सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल तर उशीच्या अभ्र्यात घालून फक्त सुकवायच्या टबमध्ये मिनिटभर फिरवा, समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाचा ओला टॉवेल ठेवून. तिथे घुसळण होत नाही, पाणी नुसतं बाहेर फेकलं जातं, त्यामुळे लोकरीला धोका नाही. धुण्याच्या टबाकडे मात्र वळायचं नाही.

दुसरी वाट शस्त्रक्रियेची, आणि धड आणि पायांपुरता त्रास असेल तर मला तीच आवडते. पाठीच्या मधल्या शिवणीचे तीनेक इंच उसवा. लोकर चिमटी-चिमटीने बाहेर काढा आणि कुठली कुठून काढली ते ध्यानात ठेवा, पायाची पायात जायला हवी. लोकर मळकी असेल तर मलमलच्या पिशवीत भरून वरच्याच रीतीने बुडवून काढा. नुसता वास असेल तर वर्तमानपत्रावर पसरून सावलीत दोन दिवस. मग बोटांनी पिंजा, म्हणजे ती पुन्हा फुलते. भरताना लाटण्याचं टोक किंवा चॉपस्टिक वापरा. आधी लांबच्या टोकांना, मग पोटाला, आणि वाटतं त्यापेक्षा घट्ट. सैल भरलेली बाहुली महिन्याभरात मान टाकते. आतली लोकर फुकट गेली असेल तर नवी पिंजलेली लोकर घ्या, कापूस भरू नका. दोन्ही वेगळ्या वेगाने वाळतात आणि बाहुली एका अंगाने जड होते.

शिवण मिटवताना टाका या काठाच्या घडीतून, मग समोरच्या काठाच्या घडीतून, असा जिन्याच्या पायऱ्यांसारखा नेत जा. चार-पाच टाके झाले की दोरा ओढा, काठ एकमेकांना मिळतात आणि दोरा आत गडप होतो.

डोकं मात्र कधीही उसवायचं नाही. आत लोकरीचा घट्ट गुंडाळलेला गोळा असतो, त्यावर जाळीदार पट्टी चढवलेली, आणि डोळ्यांच्या रेषेत एक मजबूत दोरा आवळून बांधलेला. त्या दोऱ्यानेच गाल आणि कपाळ वेगळी दिसतात. तो सुटला की चेहरा गेला, आणि मूल दुसरा चेहरा ओळखत नाही.

वाळवणं

माझ्या भाचीच्या बाहुलीचे मागच्या डिसेंबरमधले आकडे देते. टॉवेल आणि टबानंतर ४१० ग्रॅम. पहिल्या संध्याकाळी ३५५. दुसऱ्या दिवशी ३१५, आणि हाताला ती चक्क कोरडी लागत होती. तिसऱ्या दिवशी २९२. चौथ्या दिवशी दुपारी २८१. तेव्हा कुठे कपडे घातले. पहिल्यांदा जिला मी "कोरडी झाली" म्हणून भाचीकडे दिली होती, ती अशीच दुसऱ्या दिवसाच्या अवस्थेत असणार.

वाळवायला हवा लागते, उष्णता नव्हे. भाज्या ठेवायची जाळी किंवा पिठाची मोठी चाळणी दोन वाट्यांवर टेकवा, तिच्यावर बाहुली निजवा, वर पंखा. दर दोन-तीन तासांनी कूस बदला. दोरीला चिमट्याने टांगू नका, हात लांबतात. हेअर ड्रायर लावायचाच तर गार हवेवर. एसी असेल तर रात्री ड्राय मोडवर त्याच खोलीत. मी आईच्या गिरगावातल्या चाळीत नेते, कारण तिच्या गॅलरीतून दुपारनंतर समुद्राकडचा वारा सरळ आत येतो आणि माझ्या गोरेगावच्या फ्लॅटमध्ये तसला वारा बिल्डरने ठेवलेला नाही. गॅलरीत ठेवलीत तर वरून पातळ मलमल घाला. कबुतरांचं कारण तुम्हाला ठाऊकच आहे. कावळ्यांचं मला उशिरा कळलं: मे महिन्यात ते घरटी बांधतात, आणि एका दुपारी माझ्यासमोर एकाने बाहुलीच्या केसांची बट उपटून समोरच्या नारळावर नेली.

पावसाळ्यात फेसाची सफाई केली असेल आणि आकडा मूळच्यापेक्षा दहा-पंधरा ग्रॅम जास्तच अडून राहिला, तर हवेतली ओल समजा. लोकर ती घेतेच. सलग दोन दिवस आकडा खाली येत नसेल आणि कुबट वासही नसेल, तर बाहुली तुमच्या हवेपुरती कोरडी आहे.

ठेवणं

मोठी झाली भाची, बाहुली माळ्यावर टाकायची, असं असेल तर आधी साफ करा. लोकरीला कसर, म्हणजे लोकर खाणाऱ्या अळ्या, लागते, आणि घाम, लाळ, खरकटं लागलेल्या जागा त्या अळ्या आधी खातात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. ओल आत कोंडते. जुन्या धोतराच्या किंवा मलमलच्या पिशवीत ठेवा, सोबत वेखंडाचे तुकडे किंवा वाळलेला कडुलिंब वेगळ्या पुरचुंडीत. त्यांचा उपयोग राखणीपुरता. अळ्या पडल्याच असतील तर त्याने मरत नाहीत. डांबराच्या गोळ्या मुलाच्या खेळण्याजवळ नकोत. त्यांची वाफ लहान बाळांना, विशेषतः जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना, खरोखर अपाय करते. दर महिन्याला पिशवी उघडून हवा द्या. बारीक भोकं किंवा वाळूसारखे कण दिसले तर बाहुली पूर्ण कोरडी असल्याची काट्यावर खात्री करून, घट्ट बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. उणे १८ अंशांना अळ्या आणि अंडी दोन्ही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, नाहीतर मुंबईची हवा थंड लोकरीवर लगेच दव धरते आणि पुन्हा काट्यापासून सुरुवात. घरच्यांना आधी सांगून ठेवा. वहिनीने एकदा मटार काढायला हात घातला आणि बर्फातून दोन डोळे बघत होते.

शेवटचं काम लालीचं. लाल मेणाचा खडू, हलका, कोरड्या फडक्यावर घासा आणि ते फडकं गालावर गोल फिरवा; खडू सरळ गालावर टेकवला तर कडा उमटतात. किती लावायचं ते मुलाला विचारा. भाचीने मागच्या वेळी डाव्या गालावर जास्त लावायला सांगितलं, कारण "आत्या, ती त्या कुशीवर झोपते ना."